विहीर हूं म्हणाली

दुष्काळाच्या वर्षी मी निलंग्याला आठवीत होते. उन्हाळा लागायच्या आतच शाळेचा हौद कोरडा पडला. मुलांनी घरून पाणी आणावं, तर घरीही नव्हतं. शेवटी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लवकर द्यायचं ठरलं. त्या दिवशी मराठीच्या सरांनी वाचनालयाचं कपाट उघडलं. एरवी त्याला कुलूप असायचं, आणि आत पुस्तकं आहेत हे आम्ही काचेतून बघून समजून घ्यायचो. सरांनी प्रत्येकाला एक पुस्तक दिलं. म्हणाले, ‘‘शाळा उघडेल त्या दिवशी पुस्तक आणि दोन पानी सारांश, दोन्ही पाहिजे.’’

मला हवं होतं ते रंगीत चित्रांचं जाड पुस्तक माझ्या पुढच्या मुलीनं उचललं. माझ्या हाताला लागलं ते पातळ, पोस्टकार्डाच्या रंगाचं. कुमारांसाठी रहस्यकादंबरी, असं आत लिहिलं होतं. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मागच्या पानावर त्याचा पत्ता होता, नांदेडचा. नांदेडला पुस्तक लिहिणारा माणूस राहतो, याचं मला थोडं नवल वाटलं. पुस्तकं पुण्याहून येतात अशी माझी समजूत होती.

माय तेव्हा दुष्काळी कामावर जात होती. औरादकडे जाणाऱ्या रस्त्याला खडी लागायची, ती बाया फोडायच्या. माझे वडील, दादा, तहसीलमध्ये शिपाई होते, पण घरात खाणारी तोंडं सात. शाळा बंद झाल्यावर माय मलाही सोबत नेऊ लागली. खडी फोडायला नाही, तर लहान लेकरं सांभाळायला. रस्त्याच्या कडेला एक मोठी बाभूळ होती. तिच्या फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या असत. मी एका हातानं झोळीची दोरी ओढायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायची.

एकदा दुपारच्या सुट्टीत बाया मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी खायला बसल्या होत्या. मी वाचता वाचता हसले. मायनं विचारलं, ‘‘काय झालं गं?’’

मी वाक्य वाचून दाखवलं. ‘हेडमास्तरांच्या खोलीला कुलूप होतं, पण कुलपाचं तिकडं लक्ष नव्हतं.’

मग एक बाई म्हणाली, ‘‘म्हंजी नुसतं अडकवून ठिवलं व्हतं. लागलंच न्हवतं.’’ आणि सगळ्याच हसू लागल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी आयुष्यात एकही पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. पण लक्ष नसलेलं कुलूप त्यांना लगेच दिसलं.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी एक प्रकरण वाचू लागले. गोष्ट साधी होती. एका गावातल्या शाळेची मोठी पितळी घंटा नाहीशी होते. माझ्याच वयाची एक मुलगी ती शोधायला निघते. शाळेचा म्हातारा शिपाई, मोडीची भांडी घेणारा फिरता व्यापारी आणि नाटकवाल्यांची टोळी, असे संशयित होते. पण बायांना आवडलं ते गोष्टीपेक्षा सांगणं. शिपायाबद्दल लिहिलं होतं, ‘त्याच्या चपलांना त्याच्याआधी घरी जायची सवय होती.’ आमचा मुकादम चार वाजल्यापासूनच सायकलीकडे बघायचा. ते वाक्य ऐकल्यावर बाया त्याच्या चपलांकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. व्यापाऱ्याबद्दल होतं, ‘तो खरंच बोलत होता, पण घाईनं.’ यावर चांगलीच चर्चा झाली. घाईनं बोललेलं खरं हे खरं धरायचं की नाही, यावर माय आणि दुसरी एक बाई दोन दिवस भांडल्या.

लेखकानं एक क्रियापद नवंच केलं होतं. मुलगी भिंतीच्या कडेकडेनं जाते तिथे त्यानं लिहिलं होतं, ‘ती मांजरत मांजरत पुढे गेली.’ मी अडखळले. मला वाटलं, छापायची चूक आहे. बायांना मात्र काहीच खटकलं नाही. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मुकादमाकडे बोट दाखवून म्हणालं, ‘‘आला बघ मांजरत.’’ शब्द पुस्तकातून उठून रस्त्यावर आला. त्याला तिथवर यायला एक रात्र पुरली.

आता आमच्यातल्या एका बाईंबद्दल सांगते, त्यांना सगळ्या अक्का म्हणायच्या. त्या उदगीरच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावच्या. लग्न होऊन इकडे आलेल्या. घरी थोडी जमीन होती, पण त्या वर्षी जमिनीला काही अर्थ राहिला नव्हता. आमच्या टोळीत वयानं त्याच सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीच्या आसपास. बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा. त्या लिंगायत, गळ्यात लिंग होतं. आम्ही बौद्ध. जेवायला अक्का बाभळीच्या पलीकडच्या बाजूला बसायच्या. पुस्तक सुरू झाल्यावर त्या अलीकडे यायला लागल्या, पाण्याचा तांब्या मात्र पलीकडेच ठेवून. मायला ते दिसत होतं, मलाही दिसत होतं. कुणी काही म्हटलं नाही.

अक्का कधी हसायच्या नाहीत. डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं, झोपल्या असतील.

तिसऱ्या प्रकरणात ती मुलगी शाळेच्या विहिरीवर हातपाय धुवायला जाते. उन्हाळ्याचे दिवस, पाणी खोल गेलेलं. लेखकानं लिहिलं होतं, ‘दोर संपत आला. बादली तळाला लागली आणि विहीर हूं म्हणाली.’ पुढच्याच ओळीत मुलगी हातपाय धुऊन भांड्याच्या व्यापाऱ्याच्या मागावर जाते. मी ते भरभर वाचून पुढे निघाले होते.

‘‘थांब,’’ अक्का म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. ‘‘मागचं परत वाच.’’

मी वाचलं.

‘‘बावी हूं म्हनली?’’ विहिरीला त्या बावी म्हणायच्या.

‘‘हाव.’’

‘‘मंग घंटा तितंच हाय.’’

बाया हसल्या. माय म्हणाली, ‘‘अक्का, आवो लिवनारा गंमत करून राहिला. विहीर काय बोलती व्हय?’’

‘‘गंमत न्हाई,’’ अक्का म्हणाल्या. आता त्यांनी डोळे उघडले होते. ‘‘आपून रोज बादली टाकून राहिलो का न्हाई? चिखलाला लागली तर कशी म्हनती? भद् म्हनती. खडकाला लागली तर खण् म्हनती. हूं कवा म्हनंल? खाली काईतरी पोकळ असंल तवाच. पितळंचं. वरून थोडं पानी असंल, म्हनून आवाज दबला.’’

त्या वर्षी प्रत्येक बाईनं इतक्या आटलेल्या विहिरींत बादल्या टाकल्या होत्या की तळाचा आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला होता. अक्का म्हणत होत्या ते खरं असल्याचं सगळ्यांना कळलं. मला राग आला. एक तर पुस्तक माझं होतं. दुसरं म्हणजे मी ठरवलं होतं की चोर व्यापारीच असणार. आणि तिसरं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. ‘विहीर हूं म्हणाली’ हे वाक्य मला फार आवडलं होतं, पण चुलीमागच्या भिंतीवर कुणी शोभेला फुलं काढावीत तसं ते मला वाटलं होतं. अक्कांना ते तसं वाटलं नाही. त्यांनी ते खरं धरलं.

पुढची नऊ प्रकरणं बायांनी मोठ्या चवीनं ऐकली. पुस्तकातली मुलगी गावभर फिरत होती, नाटकवाल्यांच्या पेट्या उघडून बघत होती, आणि रस्त्यावर बसलेल्या पंधरा-सोळा बायांना घंटा कुठे आहे ते ठाऊक होतं. ‘‘अगं येडे, मागं फिर,’’ असं कुणीतरी पुस्तकाकडे बघून ओरडायचं. शेवटच्या प्रकरणात विहिरीत माणूस उतरवला, आणि गाळात तोंड खाली करून बसलेली घंटा निघाली. शिपायानंच ती दोरानं सोडली होती. शाळेत विजेची घंटा येणार होती, आणि ही मोडीत जाणार होती. तीस वर्षं त्यानं ती वाजवली होती.

बायांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘लिवनारा शाना हाय. समदं सांगून बी कुनाला कळू देलं न्हाई.’’

मग मुकादमाची शिट्टी झाली आणि सगळ्या उठल्या.

शाळा उघडली. मी दोन पानी सारांश लिहून नेला. त्यात मी लिहिलं, ‘तिसऱ्या प्रकरणात बादलीच्या आवाजाचे वर्णन वाचताच माझ्या लक्षात आले की घंटा विहिरीत असावी, कारण चिखलाचा, खडकाचा आणि पितळेचा आवाज वेगवेगळा असतो.’ लिहिताना मला आपण खोटं लिहीत आहोत असं वाटलं नाही. अक्कांचं नाव सारांशात कुठे घालायचं, हे मला कळलं नाही. सारांशात पुस्तकातली माणसं असतात. खडी फोडणाऱ्या बाया सारांशात कशा येणार? असं मी स्वतःला सांगितलं असावं. नक्की आठवत नाही.

सरांनी माझा सारांश वर्गात मोठ्यानं वाचला. ‘मांजरत’ या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली होती, असं क्रियापद मराठीत नाही म्हणून. पण विहिरीच्या परिच्छेदापाशी ते थांबले. म्हणाले, ‘‘वाचन याला म्हणतात. शब्दावरून आपण पुढे निघून जातो. ही मुलगी थांबली.’’ तो परिच्छेद शाळेच्या हस्तलिखितात घेतला गेला, खाली माझं नाव घालून. मी घरी सांगितलं. माय चुलीपाशी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत भाकरी थापायला लागली.

पुढे काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. निलंगा उस्मानाबादेतून लातुरात गेलं. माणसं जागच्या जागी राहिली, पत्ते बदलले. नव्या कचेऱ्यांसाठी भरती निघाली आणि मी टायपिस्टच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत एका साहेबांनी वाचनाबद्दल विचारलं. मी विहिरीची गोष्ट सांगितली. एव्हाना ती चांगली घोटून झाली होती. कुठे थांबायचं, ‘हूं’ कसं म्हणायचं, सगळं बसलं होतं. साहेब खूश झाले. नोकरी त्यामुळे मिळाली असं म्हणणार नाही. माझा वेग बरा होता.

कचेरी एका भाड्याच्या घरात होती. छापील कागद अजून उस्मानाबादचेच होते. प्रत्येक पत्रावर जुन्या नावावर रेघ मारायची आणि शेजारी लातूर टाइप करायचं, हे माझं पहिल्या काही महिन्यांतलं काम. मजकूर साहेब सांगायचे. त्या भाषेत कुणीच काही करत नसे. सगळं ‘करण्यात येत’ असे. ‘कळविण्यात येते की’, ‘सादर करण्यात आले’, ‘निदर्शनास आणून देण्यात आले’. दिवसभर ती वाक्यं टाइप केल्यावर संध्याकाळी खोलीवर येऊन मी एक जुनी वही काढायचे. शाळेच्या त्या सुट्टीत कादंबरीतली पस्तीस-चाळीस वाक्यं मी उतरवून घेतली होती. कुलपाचं लक्ष, चपलांची सवय, घाईनं बोललेलं खरं. शेवटच्या पानावर लेखकाचा पत्ताही होता.

खात्याच्या परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायला दुपार झाली. दुसऱ्या दिवशी पेपर संपल्यावर वेळ होता, म्हणून रिक्षावाल्याला वहीतला पत्ता सांगितला. त्यानं जुन्या नांदेडात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी सोडलं. लेखक अजून तिथे राहत असतील, जिवंत असतील, याची काहीच खात्री नव्हती.

ते ओसरीवर बसून तांदूळ निवडत होते. साठीच्या पुढचे, बारीक, जाड भिंगांचा चष्मा. मी पुस्तकाचं नाव घेतलं तसं त्यांनी ताट बाजूला सारलं.

‘‘ते कुठं मिळालं तुम्हाला?’’

मी शाळेच्या कपाटाचं सांगितलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, आत चहा सांगितला. रेल्वेत होते म्हणाले. बरीच वर्षं हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काढली. लोक यायचे आणि हरवलेल्या वस्तूचं वर्णन सांगायचे, ते लिहून घ्यायचं काम. ‘‘शिकलेला माणूस नुसतं ‘एक ट्रंक’ म्हणायचा. अशा ट्रंका दहा. अडाणी बाई म्हणायची, ‘कडी उघडताना माझी ट्रंक शिंकते.’ मी एक एक ट्रंक उघडून बघायचो, आणि एक खरंच शिंकायची. मला लिहायला त्या खिडकीनं शिकवलं, बेटा.’’ ‘तुम्ही’वरून ते ‘बेटा’वर आले होते.

मग मी विहिरीचं काढलं. ‘‘घंटा विहिरीत आहे हे तिसऱ्या प्रकरणातच कळलं होतं,’’ मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. ‘‘कशावरून?’’

‘‘विहीर हूं म्हणाली त्यावरून.’’

‘‘कुणाला कळलं?’’

‘‘मला.’’

ते उठले आणि आतल्या दाराशी जाऊन बायकोला म्हणाले, ‘‘ऐकलं का? विहीर सापडली हो.’’ त्या हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे बघून हसल्या. ‘‘इतकी वर्षं वाट बघून राहिले हे,’’ म्हणाल्या. मग दोघांनी मिळून मला सांगितलं. छापताना कुणी तरी ‘हूं’ काढून ‘धप्प’ केलं होतं. लेखकांनी दोनदा पत्रं पाठवून ते परत घालून घेतलं. पुस्तकाबद्दल एका मासिकात चार ओळी आल्या, त्यात भाषा अलंकारिक असल्याचं म्हटलं होतं. ‘‘अलंकार कुठं आहे त्यात?’’ लेखक म्हणाले. ‘‘तो पुरावा आहे.’’ भेटलेल्या प्रत्येक वाचकाला ते आडून आडून विचारत. कुणालाच ते वाक्य आठवत नसे.

‘‘पण तुला आवाज कसा कळला? चिखलाला बादली लागली तर कसा येतो?’’

‘‘भद्,’’ मी म्हटलं. ‘‘आणि खडकाला लागली तर खण्.’’

त्यांनी शेजारचा एक कागद ओढला आणि पेन्सिलीनं दोन्ही शब्द लिहून घेतले. लिहून झाल्यावर शेजारी कंसात माझं नाव लिहिलं. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरची सवय असावी. कुणी काय म्हटलं, ते त्याच्या नावासकट. मी ते अक्षर उलट्या बाजूनं वाचत होते. शाळेत, मुलाखतीत, कुठेच मला काही वाटलं नव्हतं. तिथे वाटलं. तरी मी बोलले नाही. चहा प्यायले, नमस्कार केला, निघाले. दारापर्यंत पोचवायला दोघंही आले.

लातूरला परतल्यावर मी त्यांना पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा असा झाला होता: ‘आपणांस कळविण्यात येते की, सदर निरीक्षण माझेकडून अनवधानाने माझे नावे सांगण्यात आले.’ वाचून मलाच शिसारी आली. त्यात खोटं बोलणारं कुणीच नव्हतं. तो कागद फाडला. दुसरा लिहिला, त्यात दुष्काळ, लहान वय, सरांचं कौतुक असं बरंच होतं. तोही फाडला. शेवटी जे गेलं ते चार ओळींचं होतं. ‘ते मला कळलं नव्हतं. आमच्याबरोबर खडी फोडणाऱ्या एका बाईंना कळलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले.’

उत्तर लवकर आलं. कार्डावर रागाचा शब्द नव्हता आणि कौतुकाचाही नव्हता. त्या बाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत लिहून पाठवा, एवढं होतं. मी पाठवलं. मग पुस्तकाची एक प्रत पोस्टानं आली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘अक्कांस. ज्यांनी ऐकलं.’

अक्का कुठे आहेत हे मायला ठाऊक होतं. औरादच्या वाटेवर त्यांचं गाव. एका रविवारी मी निलंग्याहून गाडी धरली. गावात ऊस आला होता, फाट्यावर ट्रॅक्टर उभे होते. अक्का अंगणात शेंगा फोडत होत्या. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. मी कुणाची, ते सांगितल्यावर ओळखलं.

‘‘झोळ्या ओढनारी,’’ म्हणाल्या. ‘‘पुस्तकवाली.’’

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि लेखकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. मग मी सगळं सांगून टाकलं. सारांश, हस्तलिखित, मुलाखत, नांदेड. मला वाटलं होतं, त्या हसतील. हसून म्हणतील, जाऊ दे पोरी, त्यात काय एवढं. येताना गाडीत मी त्यांचं ते उत्तर ऐकूनही ठेवलं होतं.

अक्का बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या.

‘‘तवाच सांगायचं व्हतं,’’ म्हणाल्या. ‘‘मास्तरला.’’

‘‘हो.’’

‘‘मास्तरनं मला बोलावलं असतं का?’’

मी विचार केला. आमच्या सरांचा स्वभाव आठवला. ‘‘बोलावलं असतं,’’ मी म्हटलं. ते खरं होतं, आणि म्हणूनच सांगायला अवघड होतं.

‘‘मी शाळा आतून कवा बगितली न्हाई,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘लेकरं शाळेत घातली तवा बी त्यांचा बापच आत गेलता. मी दारापसून परत.’’

मी शेजारच्या पाटीतल्या शेंगा घेऊन फोडू लागले. थोड्या वेळानं सुनेनं जेवायला वाढलं. अक्कांनी माझं ताट आपल्या ताटाशेजारी ठेवायला लावलं. पाण्याचा तांब्या मध्ये एकच होता. त्यांनी आधी मला पुढे केला. मीही काही म्हटलं नाही.

निघताना मी विचारलं, ‘‘अक्का, तुमी मला माफ केलं का?’’

‘‘आता ते काय इच्यारून राहिली?’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुसरं बुक असंल तर घिऊन ये.’’

याचा अर्थ हो की नाही, ते मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. पण पुस्तक घेऊन गेले. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिले. लातूरला आता वाचनालयात पुस्तकं बरी मिळत होती. दुपारी अंगणात बसून मी वाचायची, अक्का डोळे मिटून ऐकायच्या. नांदेडच्या लेखकांना मी अधूनमधून अक्कांची मतं कळवायचे. ते कार्डावर एखादी ओळ उत्तर पाठवायचे. त्यांनी दुसरी कादंबरी सुरू केल्याचं एकदा लिहिलं होतं. ती पुरी झाल्याचं मी ऐकलं नाही. एका वर्षी कार्ड त्यांच्या बायकोच्या अक्षरात आलं, ते गेल्याचं. त्यानंतर मी पत्र पाठवलं नाही.

अक्कांचं ऐकणं कडक होतं. कितीतरी पुस्तकं त्यांनी दोन-चार पानांतच थांबवली. एकदा मी एक गाजलेली, जाड कादंबरी घेऊन गेले होते. तिच्यात पहाट होती, डोंगर होते, वाऱ्याची वर्णनं होती, आणि प्रत्येक गोष्टीला उपमा होती. मला ती आवडली होती. मी रंगून वाचत होते. पाचव्या पानावर अक्कांनी डोळे उघडले आणि हात वर केला.

‘‘ठिव ते,’’ म्हणाल्या. ‘‘ह्यो मानूस लई बोलून राहिला. सांगून काईच न्हाई राहिला.’’

मी पुस्तक मिटलं. सुनेनं चहा आणला. शेवटची गाडी साडेचारला होती. तोवर आम्ही पावसापाण्याचं, उसाचं आणि अक्कांच्या नातीच्या शाळेचं बोलत बसलो.